क्ष-किरण युग्मतारे: ‘उद्रेक’ की ‘स्फोट’?

प्रश्न असा आहे की, ‘क्ष-किरण युग्मताऱ्यांत परिभ्रमणकालानुसार स्फोट होतात’ या वाक्यात ‘स्फोट’ योग्य की ‘उद्रेक’, आणि या घटनांना आवर्तकाल, म्हणजे ठरावीक अंतराने पुन्हा घडण्याचा काळ, असतो असे म्हणावे काय. क्ष-किरण युग्मतारे म्हणजे एकमेकांभोवती फिरणारी अशी जोडी, जिच्यातील कृष्णविवर किंवा न्यूट्रॉन तारा (मृत ताऱ्याचा अतिघन गाभा) साथीदार ताऱ्याचा वायू ओढून घेतो आणि त्यातून क्ष-किरण निघतात; या जोडीच्या एका फेरीला लागणारा काळ म्हणजे परिभ्रमणकाल.

दोन्ही शब्द योग्य आहेत, परंतु ते दोन निराळ्या घटनांसाठी राखून ठेवावेत. ‘उद्रेक’ शब्दाच्या मुळाशी आधिक्याचा अर्थ आहे. साथीचा उद्रेक वाढतो, काही काळ टिकतो आणि ओसरतो. कृष्णविवराने किंवा न्यूट्रॉन ताऱ्याने साथीदाराकडून ओढून घेतलेला वायू भोवतीच्या तबकडीत वर्षानुवर्षे साठत राहतो, त्यातील हायड्रोजनचे आयनीभवन होण्याइतके (अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होण्याइतके) तापमान वाढले की तबकडी अस्थिर होते आणि वायू झपाट्याने आत कोसळू लागतो; त्यातून उत्पन्न होणारी प्रखरता आठवडे, कधी महिने टिकते. हा उद्रेक. याउलट, न्यूट्रॉन ताऱ्याच्या पृष्ठभागावर साचलेल्या हायड्रोजन-हीलियमचे अणुसंमीलन (अणुकेंद्रे एकत्र जुळून ऊर्जा बाहेर पडणे) एकाएकी भडकते, काही सेकंदांत शिखर गाठते आणि बहुधा मिनिटभरात शमते, तेव्हा त्याला स्फोटच म्हणावे. कृष्णविवराला असा पृष्ठभागच नसल्याने त्याच्या बाबतीत ‘स्फोट’ लिहिणे ही केवळ शैलीची नव्हे, तर वस्तुस्थितीची चूक ठरते.

आता आवर्तकाल. शृंगाश्व तारकासमूहातील ए-०६२०-०० या युग्माचा परिभ्रमणकाल सुमारे पावणेआठ तासांचा आहे, तर त्याचे ज्ञात उद्रेक १९१७ आणि १९७५ सालचे. त्यांपैकी पहिला जुन्या छायाचित्र-काचांवर मागाहून सापडला. हंस तारकासमूहातील व्ही-४०४ चा परिभ्रमणकाल साडेसहा दिवसांच्या आसपास असून त्याचे उद्रेक १९३८, १९८९ आणि २०१५ मध्ये नोंदले गेले. अशा अनियमित घटनांना ‘आवर्तकाल’ लावू नये. ‘दोन उद्रेकांमधील खंड’ एवढेच म्हणावे.

तरीही विचारलेले वाक्य सर्वस्वी निराधार नाही. वृषभ राशीतील ए-०५३५+२६ या युग्मात न्यूट्रॉन तारा लंबवर्तुळाकार कक्षेतून सुमारे १११ दिवसांत एक फेरी पूर्ण करतो आणि साथीदाराच्या सर्वांत जवळ येतो, तेव्हा साथीदाराभोवतीच्या वायूच्या कड्यातून न्यूट्रॉन ताऱ्याला अधिक द्रव्य मिळून उद्रेक होऊ शकतो. इथे ‘परिभ्रमणकालानुसार’ हे क्रियाविशेषण शोभते, जरी एखादी फेरी शांततेत जाते आणि मोठे उद्रेक कक्षेतील स्थानाची फारशी पर्वा करत नाहीत. ‘स्फोट’ मात्र इथेही नको.

जाता जाता, ‘परिभ्रमणकाल’ आणि ‘परिवलनकाल’ (स्वतःभोवती एकदा फिरण्याचा काळ) यांची सरमिसळ अधिक घातक असते. नरतुरंग एक्स-३ मधील न्यूट्रॉन तारा स्वतःभोवती ४.८ सेकंदांत फिरतो आणि साथीदाराभोवती २.१ दिवसांत, नुसता ‘फिरण्याचा काळ’ लिहिल्यास वाचकाने यांतला कोणता आकडा घ्यायचा?