बाहेरून एकही उंदीर न आणता प्रयोगशाळेतील उंदरांमध्ये विषाणू कसा शिरतो आणि पसरतो?

वसाहतीतील सगळे उंदीर तरतरीत आहेत, वर्षभरात बाहेरून एकही उंदीर आणलेला नाही, तरीही तपासणीत विषाणूसंसर्ग आढळला, तो आला कोठून, असा आपला प्रश्न आहे. मी प्राणिगृहातील आरोग्यतपासणीचे काम पाहतो. माझ्या मते, सापडलेला विषाणू एकेका उंदराच्या शरीरात मुक्काम ठोकतो की केवळ वसाहतीत टिकून राहतो, हे आधी पाहावे.

पहिल्या प्रकारात लिम्फोसायटिक कोरिओमेनिन्जायटिसचा (मेंदूच्या आवरणांना सूज आणणाऱ्या रोगाचा) विषाणू येतो. प्रिन्स्टन येथील रॉकफेलर संस्थेत एरिख ट्राउब यांना 1935 साली तो वरकरणी निरोगी पांढऱ्या उंदरांतच सापडला. गर्भातच लागण झालेल्या पिल्लाची प्रतिकारशक्ती या विषाणूला परका मानत नाही. त्यामुळे ते जन्मभर मूत्रातून व लाळेतून विषाणू बाहेर टाकत राहते आणि मादी असल्यास तो आपल्या पिल्लांनाही देते. लागण बीजांडातूनही होऊ शकत असल्याने सिझेरियनने पिल्ले काढून निरोगी मादीकडे वाढवण्याचा एरवीचा उपाय येथे भरवशाचा नाही. हा विषाणू माणसालाही होतो, म्हणून गरोदर कर्मचाऱ्यांना त्या खोलीपासून दूर ठेवावे.

माउस हिपॅटायटिसच्या (उंदरांच्या यकृताला सूज आणणाऱ्या रोगाच्या) विषाणूचे तसे नाही; तो दुसऱ्या प्रकारातला, केवळ वसाहतीत टिकून राहणारा. सुदृढ प्रौढ उंदीर बहुधा काही आठवड्यांत त्यातून मुक्त होतो, पण प्रजननाच्या खोलीत आईकडून मिळालेली प्रतिपिंडे ओसरलेली नवी पिल्ले सतत उपलब्ध होत असल्याने विषाणूला नव्या सावजांची कधीच वाण पडत नाही. विष्ठा लागलेला भुसा, हातमोजे, पिंजरा बदलताना शेपटीला लावलेला चिमटा, एवढे त्याला पुरते. येथे प्रजनन काही आठवडे थांबवल्याने फरक पडतो.

आपल्या बाबतीत मात्र मला पहिला संशय टोचलेल्या द्रव्यांचा येतो. अमेरिकेत बेथेस्डा येथील नौदलाच्या वैद्यकीय संशोधन संस्थेत 1995 साली उंदरांमध्ये देवीसारखा एक्ट्रोमेलिया उद्भवला, तो उंदरांतून नव्हे, तर चीनमधून आलेल्या, उंदरांच्या रक्तापासून काढलेल्या सीरममधून. लॅक्टेट डिहायड्रोजनेज वाढवणारा विषाणूही मुख्यतः प्रत्यारोपित गाठींबरोबर (ट्यूमरबरोबर) एका उंदरातून दुसऱ्यात जातो आणि बाहेरून कोणतेही लक्षण न दाखवता जन्मभर रक्तात राहतो. गोठवून ठेवलेल्या गाठीच्या पेशींत असे विषाणू वर्षानुवर्षे जिवंत राहतात, तेव्हा गेल्या वर्षी फ्रीझरमधून काय काय काढून टोचले, त्याची नोंदवही तपासा आणि त्या प्रत्येक नमुन्याची पीसीआर चाचणी करा.

संसर्ग हेरण्यासाठी इतर पिंजऱ्यांतील खराब भुशावर ठेवलेले पहारेकरी उंदीर निर्दोष निघाले, तरी त्यावर विसंबू नका. सेंडायसारखा श्वासमार्गाने पसरणारा विषाणू भुशातून त्यांच्यापर्यंत सहसा पोहोचतच नाही.