ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्स पॅनमधून ऑइल गळतंय, बोल्ट आवळून भागेल का?

नाही, बोल्ट आवळत बसू नका. पॅन (गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं भांडं) उतरवून गॅस्केट (सांध्यातलं सील) बदला आणि त्याच खेपेला फिल्टर व ऑइलही नवं टाका. पुण्यात हडपसरच्या गॅरेजमध्ये मी हेच काम करतो. बहुतेक पॅन पातळ पत्र्याचे असतात, जास्त आवळले की भोकांजवळची कड वाकते आणि गळती उलट वाढते. ती कड सपाट पट्टीवर तपासा, वाकली असेल तर हलकेच ठोकून सरळ करा. स्पीडब्रेकरला घासून पॅनला चीर गेली असेल तर मात्र नवाच घ्या; नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत चौकशी करा. जुनी गॅस्केट पूर्ण खरवडून काढा. बोल्ट आलटून-पालटून, टॉर्क पान्यानेच (ठरवलेल्या जोराने आवळणारा पाना) आवळा. मॅन्युअलमधला आकडा बहुधा १० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, म्हणजे फारच थोडा.

पॅनमधल्या चुंबकावर करडा लगदा दिसला तर घाबरू नका, तो नेहमीचाच. धातूचे तुकडे दिसले तर गाडी चालवू नका.

निघालेलं ऑइल मोजून ठेवा, आधी तेवढं भरा आणि मग लेव्हल तपासून गळून कमी झालेलं पूर्ण करा. टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला भाग) तसंच राहतं, त्यामुळे साधारण निम्मं किंवा त्याहून कमीच बदललं जातं. ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच हवं, सीव्हीटीत (पट्ट्यावर चालणारा बिनगिअरचा ऑटोमॅटिक) साधं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं नेहमीचं ऑइल) चालत नाही. आणि कृपा करून नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका, स्टँड लावाच.

गाडीला गिअर ऑइलची डिपस्टिक (लेव्हल बघायची पट्टी) नसेल तर लेव्हल ठरावीक तापमानाला तपासावी लागते. ते काम गॅरेजमध्येच करून घ्या.