तुमचे प्रश्न : माळ्यावरचे स्पीकर खाली काढा

प्रश्न : नमस्कार दादा. आमचं घर फोंड्याकडे, जुनं चिऱ्यांचं, मधे राजांगण, म्हणजे उघडा चौक. चवथीला मुलगा बंगळुरूहून आला तेव्हा ब्लूटूथ स्पीकर घेऊन आला, तो वसरीत ठेवलाय. पण मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले की गाणं तुटत तुटत वाजतं, आणि कुणाचा फोन आला की रिंग स्पीकरवर आणि सासूबाईंचं सकाळचं भजन बंद. मुलगा म्हणतो चार खोल्यांत चार वायफाय स्पीकर लावूया. माळ्यावर सासऱ्यांचा अँप्लिफायर आणि दोन मोठे लाकडी स्पीकर पडून आहेत, पंधरा वर्षं तरी कुणी हात लावलेला नाही. त्यांचं काही होईल की भंगारात घालू? – एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, भंगारात अजिबात घालू नका, आधी खाली तर काढा. तुमच्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर त्या माळ्यावर आहे असं मला मनापासून वाटतं.

गाणं का तुटतं ते आधी. ब्लूटूथची पोच साधारण १० मीटर धरतात पण ती मोकळ्या जागेत, आणि तुमची चिऱ्याची भिंत असेल दीड फूट, अशा दोन भिंती मधे आल्या की संपलंच. त्यात पाणी हा या लहरींचा शत्रू, म्हणजे पावसात भिजलेली भिंत आणखी अडवणार, आणि माणसाच्या अंगातही पाणीच असतं त्यामुळे फोन कमरेला खोचून स्पीकरकडे पाठ केली तरी फरक पडतो. स्पीकर खराब नाहीये, तो चुकीच्या घरात आलाय एवढंच.

आता चार वायफाय स्पीकर. वायफायचा फायदा खरा आहे आणि मोठा आहे. क्रोमकास्टसारख्या पद्धतीत गाणं फोनमधून जातच नाही, स्पीकर स्वतः इंटरनेटवरून ओढून घेतो, फोन फक्त रिमोट. म्हणजे फोन आला तरी भजन चालू, तुम्ही विहिरीवर गेलात तरी चालू. (एअरप्लेने आयफोनवरून पाठवलं तर गाणं बहुतेक वेळा फोनमधूनच जातं, तेव्हा आयफोनवाल्यांनी हा फरक लक्षात ठेवा.) पण वायफायलाही तीच भिंत आडवी येते ना! ५ गिगाहर्ट्झवालं वायफाय तर चिऱ्यापुढे लवकरच हात टेकतं, २.४ वालं थोडं जास्त आत जातं. म्हणजे चार स्पीकर आणि वर प्रत्येक कोपऱ्यात सिग्नल पोचवायला आणखी डब्या, हा खर्च तुम्हाला नकोय.

तुमच्या घराला राजांगण आहे, ते वापरा. मोठे स्पीकर वसरीत राजांगणाच्या दिशेने तोंड करून ठेवले तर आवाज उघड्यावरून थेट स्वयंपाकघरात येईल, त्याला ना ब्लूटूथ लागत ना वायफाय. जुन्या घरांत पडवीत कुणी पेटी धरली तर घरभर ऐकू यायची ती याच वाटेने. गाणं वायरलेस यायला पाहिजे ते फक्त अँप्लिफायरपर्यंत, पुढचं काम वायर आणि हवा करते.

स्पीकर जिवंत आहेत का ते कसं बघायचं. पुढचं कापड किंवा जाळी काढा, आत गोल कागदी पडदा दिसेल आणि त्याच्या कडेने एक मऊ पट्टी. पट्टी रबराची असेल तर बहुतेक शाबूत असते. फोमची असेल तर बोट लावल्यावर भुगा पडतो, आपल्या दमट हवेत फोम टिकत नाही, पण म्हणून स्पीकर मेला असं नाही, ती पट्टी नवीन चिकटवून मिळते. मग घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्या आणि अँप्लिफायरपासून सोडवलेल्या स्पीकरच्या वायरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा, फक्त टेकवायचा, धरून ठेवायचा नाही. टप् असा आवाज आला आणि पडदा हलला की समजायचं जीव आहे. सेलची प्लस बाजू लाल टोकाला लावल्यावर पडदा बाहेर आला पाहिजे, दोन्ही स्पीकरना सारखाच, नाहीतर एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो आणि तबल्याचा डग्गा नाहीसाच होतो. हे मी स्वतः एका घरी बघितलंय, चांगले स्पीकर, पण वर्षभर घरचे म्हणत होते आवाजात दम नाही, एका स्पीकरच्या दोन वायरी उलट सुलट केल्या आणि मृदंग परत आला.

अँप्लिफायर मात्र लगेच प्लगमधे घालू नका. पंधरा वर्षं बंद असलेल्या यंत्रात कपॅसिटर सुकलेले असू शकतात, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जाणत्या माणसाला एकदा उघडून बघायला सांगा, स्वतः उघडू नका कारण वीज काढल्यावरही आत चार्ज राहतो. आवाजाचं बटण फिरवताना खरखर येत असेल तर प्लग काढलेला असताना ते वीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, बऱ्याचदा तेवढ्यानेच जाते.

मग एक छोटी डबी घ्यायची, वायफायवरून गाणं घेऊन अँप्लिफायरला देणारी, लाल-पांढऱ्या पिनांची वायर मागे ऑक्स लिहिलेल्या जागी. फोनो लिहिलंय तिथे लावायची नाही, ती रेकॉर्ड प्लेअरची जागा, तिथे आवाज फाटतो. डबीसुद्धा नको असेल तर ड्रॉवरमधला जुना फोन आहेच, हेडफोनचं भोक असलेला, तो वायरने कायमचा अँप्लिफायरला जोडून टाका आणि भजनं त्यातच डाउनलोड करून ठेवा, इंटरनेट गेलं तरी वाजतील. फक्त तो चोवीस तास चार्जिंगला नको, बॅटरी फुगते. एकाच अ‍ॅडॅप्टरवर चार्जिंग करत वाजवताना घूं असा आवाज आला तर चार्जर काढून बघा, दहातल्या आठ वेळा तिथेच असतो.

आणि मुलाने आणलेला ब्लूटूथ स्पीकर सासूबाईंच्या खोलीत, त्यांच्या उशाशी, त्यांच्या स्वतःच्या फोनला. सकाळी फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा, मग ब्लूटूथ परत चालू करायचं, कुणाची रिंग मधे येणार नाही. मुलाने प्रेमाने आणलेली वस्तू वायाही जात नाही.

एक सांगायचं राहिलं, मृगाचा पाऊस गडगडायला लागला की प्लग भिंतीतून काढूनच ठेवायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. राऊटरचा पण.

प्रश्न : जुनं नाट्यसंगीत आणि केसरबाई, मोगूबाईंची गाणी ऐकतो. दुकानदार म्हणाला एलडॅकवाला स्पीकर घ्या नाहीतर मजा नाही, दुप्पट किंमत आहे. घ्यावा का? – एक वाचक, डिचोली

उत्तर : नको. एलडॅक ही ब्लूटूथवरून गाणं पाठवायची एक पद्धत, ती सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत पाठवते, नेहमीची साधी एसबीसी पद्धत ३२८ च्या आसपास, आकडा मोठा आहे खरा. पण केसरबाईंच्या जुन्या ७८ आरपीएमच्या लाखेच्या तबकड्यांत वरचे बारीक आवाज मुळातच फार कमी उतरलेत, त्यांना साधा ब्लूटूथ पुरून उरतो. तेच पैसे मोठ्या पडद्याच्या स्पीकरवर घाला आणि दुकानात आपलंच गाणं लावून ऐका, दुकानदाराचं डेमोचं नाही. आवाजात गोलाई आहे का, सूर लांबवताना चिरकतोय का, एवढं कानाला कळतं. केरी गावच्या या बाईंचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानावरच्या सोन्याच्या तबकडीतून अवकाशात गेला, तो आपल्या दिवाणखान्यात नीट यावा असं वाटणं अगदी रास्त आहे.

प्रश्न : आमचं भजनी मंडळ आहे. फोनवरचा तानपुरा आणि तबला ब्लूटूथ स्पीकरवर लावून सराव करतो. कुणीतरी सांगितलं की ब्लूटूथमधे आवाज उशिरा येतो म्हणून ताल चुकतो. आणि घुमट (आपलं मातीचं तालवाद्य) रेकॉर्ड करून लावलं तर स्पीकरवर ऐकूच येत नाही. – एक वाचक, पेडणे

उत्तर : उशीर होतो हे खरं, साधारण सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग. पण तुमच्या सरावात त्याने काही बिघडत नाही, कारण तुम्ही स्पीकरमधून जे येतं तेच ऐकून त्याच्याबरोबर गाताय, सम तिथेच आहे. बिघडतं कधी, तर पेटीसमोर माइक लावून तिचा आवाज ब्लूटूथने स्पीकरला पाठवला तर, बोट पडतं आत्ता आणि सूर येतो नंतर. तिथे वायरच पाहिजे, दुसरा इलाज नाही. आणि काही स्पीकर आवाज बारीक असला की आपोआप झोपतात, नुसता तानपुरा हळू लावला तर दहा मिनिटांनी बंद. अशा वेळी फोनचा आवाज पूर्ण वाढवून स्पीकरचा कमी ठेवा.

घुमटाचं दुखणं वेगळं. त्याचा तो खोल घुमणारा आवाज काढायला पडद्याने भरपूर हवा हलवावी लागते, तळहाताएवढ्या स्पीकरचं ते काम नाही. स्पीकर खोलीच्या कोपऱ्यात, दोन भिंतींच्या सांध्याजवळ जमिनीवर ठेवून बघा, खालचा आवाज बराच वाढतो. तरी नाही भागलं तर बारा इंची स्पीकरवाला कुणी गावात असेल, सरावाच्या रात्री तो आणा, पण दहाच्या आत.