फेलो म्हणून रुजू होताना सनदेचं काय करायचं?

वाचकांचे प्रश्न : कायदा आणि धर्मस्वातंत्र्य या विषयावरची अभ्यासकेंद्रं

प्रश्न : मी नागपूर खंडपीठात वकिली करते. एका विधी विद्यापीठातल्या धर्मस्वातंत्र्यविषयक केंद्रात माझी फेलो म्हणून निवड झाली आहे. सनद (वकिलीचा परवाना) चालू ठेवता येईल का? (सिव्हिल लाइन्स)

उत्तर : पदाचं नाव काहीही असो, नेमणूकपत्रातल्या अटी बघा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ नुसार वकिली करणाऱ्याला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. तशी नोकरी धरल्यास राज्याच्या बार कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागते. पत्रात ‘पूर्णवेळ’ लिहिलं असेल, हजेरी असेल, भविष्यनिर्वाह निधी कापला जाणार असेल, तर ‘हा पगार नाही, मानधन आहे’ हा युक्तिवाद टिकण्याची आशा धरू नका. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे सनद स्थगितीचा अर्ज करा आणि पोच जपून ठेवा. केंद्र सोडल्यावर सनद पुन्हा चालू करण्यासाठी वेगळा अर्ज लागतो, आणि तो मंजूर होईपर्यंत वकीलपत्र दाखल करायचं नाही.

फक्त शिकवण्याची जबाबदारी असेल तर गोष्ट वेगळी. १९७९ च्या नियमांनुसार वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो. त्यामुळे रुजू होण्याआधीच केंद्राकडून ‘अर्धवेळ, अध्यापन, दिवसाला तीन तासांहून कमी’ असं लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर राहिलात आणि पुढे प्रतिपक्षाने तक्रार केली, तर वकील अधिनियमाच्या कलम ३५ खाली गैरवर्तनाची चौकशी तुमची होईल, केंद्राची नाही.

प्रश्न : जाहिरातीत संशोधन सहायक, फेलो, प्रकल्प अधिकारी अशी पदं दिसतात. एलएलएमवाल्याने कशासाठी अर्ज करावा? (महाल)

उत्तर : सहायक दुसऱ्याच्या विषयावर काम करतो : निकालांचे गोषवारे, संदर्भ तपासणी, परिषदेची टिपणं. फेलोचा विषय स्वतःचा असतो आणि मुदतीअखेर त्याच्याकडून शोधनिबंध किंवा अहवाल मागतात. प्रकल्प अधिकाऱ्याचा निम्मा वेळ बिलं, प्रवासाची व्यवस्था आणि निधी देणाऱ्याचे हिशेब यात जातो. लिहायचं असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

पैशांचं म्हणाल तर नेट-जेआरएफ, म्हणजे नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी संशोधनाची अधिछात्रवृत्ती, तुमच्या नावावर असते. पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये, त्यावर घरभाडं वेगळं. पीएचडी करताना इतर मागासवर्गीय, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गातल्यांनी नागपुरातच असलेल्या महाज्योती या सरकारी संस्थेच्या, तर अनुसूचित जातीतल्यांनी पुण्याच्या बार्टी या तशाच संस्थेच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं. दोन अधिछात्रवृत्त्या एकाच वेळी घेता येत नाहीत. नुसत्या पीएचडी प्रवेशासाठी नेटचे गुण २०२४ पासून धरतात. ते एक वर्षच चालतात आणि त्यांना ७० टक्के, तर मुलाखतीला ३० टक्के भार असतो.

प्रश्न : ‘भारतातील धर्मांतरबंदी कायदे : एक चिकित्सक अभ्यास’ हा माझा प्रस्ताव ‘फार विस्तृत’ म्हणून परत आला. काय चुकलं? (वर्धा)

उत्तर : शीर्षकच. ‘चिकित्सक अभ्यास’ म्हटलं की निवड समितीला पुढचं वाचावंसं वाटत नाही. एक प्रश्न, एक कालखंड आणि हाताशी असलेली कागदपत्रं, एवढं पहिल्या पानावर आलं पाहिजे.

विदर्भात बसून या विषयाला हात घालायचा, तर साहित्य दारातच आहे. नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी असताना, १९५४ मध्ये, त्या सरकारने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी समिती नेमली. अध्यक्ष होते नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी. अहवाल १९५६ मध्ये आला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली आणि स्वतः नियोगींनीही बौद्ध धम्म स्वीकारला. पुढे ओडिशाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये कायदे केले. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या स्टॅनिस्लॉस निकालात ते वैध ठरवले : प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. घटनातज्ज्ञ एच. एम. सीरवाई यांनी या निकालावर केलेली टीका वाचल्याशिवाय प्रस्ताव लिहू नका.

आमच्या मते याहून चांगला विषय दुसराच आहे. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात बौद्धांचा समावेश १९९० मध्ये झाला. तोवर बौद्ध झालेली व्यक्ती अनुसूचित जातीची धरली जात नसे. मग मधल्या काळात धर्मांतर सिद्ध कशाने व्हायचं? ‘पंजाबराव विरुद्ध डॉ. डी. पी. मेश्राम’ (एआयआर १९६५ एससी ११७९) हा १९६२ च्या विधानसभा निवडणुकीतून उभा राहिलेला वाद. जुना धर्म सोडल्याची जाहीर घोषणा पुरेशी, विधी झाल्याचा पुरावा अत्यावश्यक नाही, असं न्यायालयाने म्हटलं. १९५६ ते १९९० मधले असे निकाल घेऊन बसा. एका वर्षात पुरा होईल असा हा प्रकल्प आहे.

संदर्भांत दोन चुका सारख्या दिसतात. संविधान सभेच्या चर्चेत ‘कलम २५’ शोधलं की भलतंच हाती लागतं, कारण मसुद्यातलं कलम २५ म्हणजे आजचं ३२. धर्मस्वातंत्र्याचं कलम मसुद्यात १९ होतं आणि त्यावरची चर्चा ३ व ६ डिसेंबर १९४८ ला झाली. दुसरी चूक म्हणजे खासगी संकेतस्थळाचा दुवा हाच संदर्भ म्हणून देणं. जुन्या निकालांना छापील अहवालाचं पान द्या, नव्यांना न्यायालयाने स्वतः दिलेला तटस्थ क्रमांक (न्यूट्रल सायटेशन). नागपूर खंडपीठाच्या क्रमांकात ‘बीएचसी-एनएजी’ असतं आणि शेवटी ‘डीबी’ असेल तर निकाल दोन न्यायमूर्तींचा. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत अहवाल ई-एससीआर या न्यायालयाच्याच संकेतस्थळावर फुकट मिळतात.

प्रश्न : देवस्थान ट्रस्टच्या कारभारावर लिहायचं आहे, पण विश्वस्त कागद दाखवत नाहीत. (उमरेड)

उत्तर : विश्वस्तांकडे कशाला जाता? नागपूरच्या सहधर्मादाय आयुक्त कार्यालयात परिशिष्ट १ चा उतारा मागा. विश्वस्तांची नावं आणि मालमत्ता तिथे नोंदलेली असते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खालचे चेंज रिपोर्ट (बदल-अहवाल) बदल झाल्यापासून ९० दिवसांत द्यायचे असतात. उशीर किती आणि हरकत कोणाची, यावरून गावातला वाद उलगडतो. माहिती अधिकाराचा अर्ज करायचा तर महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, शुल्क १० रुपये. ‘गेल्या वीस वर्षांची सर्व माहिती’ असं लिहिलेला अर्ज हमखास परत येतो.

प्रश्न : कायद्याची पदवी नाही, ग्रंथालयशास्त्र झालं आहे. अशा केंद्रात जागा असते का? (भंडारा)

उत्तर : असते. मोडी वाचता येत असेल तर अर्जात ते वरच लिहा. देवस्थानांच्या जुन्या सनदा वाचणारा माणूस केंद्रांना सहज मिळत नाही. उर्दू येत असेल तर वक्फच्या जुन्या कागदांसाठी तेही.

प्रश्न : अमेरिकेतल्या केंद्रांत जाता येईल का? (धंतोली)

उत्तर : येईल. एमरी विद्यापीठातलं कायदा-धर्म केंद्र १९८२ पासूनचं, तर युटातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातलं २००० पासूनचं. ब्रिगहॅम यंगमध्ये दर ऑक्टोबरमध्ये आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरतो. मात्र कुठलंही ‘व्हिजिटिंग’ पद स्वीकारण्याआधी मानधन आहे का ते विचारा. पुष्कळदा टेबल आणि ग्रंथालयाचं ओळखपत्र एवढंच मिळतं, विमा आणि भाडं पदरचं. जे-१ (अभ्यागत-विनिमय) व्हिसासाठी लागणारा डीएस-२०१९ फॉर्म यजमान विद्यापीठच देतं आणि तो देण्याआधी खर्चाची सोय कागदोपत्री दाखवायला लावतं.