कामगार समितीत नाव द्यावं का?

तुम्ही विचारलंय की नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या तुमच्या कारखान्यात ‘कर्मचारी सहभाग’ म्हणून समिती निघतेय, तर त्यात नाव द्यावं की हा साहेबांचा देखावा समजून लांब राहावं. मी बुटीबोरीत अशा समितीवर कामगारांच्या बाजूने बसलोय. माझं मत: नाव द्या, पण प्रतिनिधी कोण निवडणार आणि अजेंडा कोण लिहिणार, हे आधी विचारा. एचआरने नावं परस्पर नोटीस बोर्डावर लावली, तर ती समिती साहेबांचीच.

कायद्यात दोन वेगळ्या समित्या आहेत, त्यांची गल्लत करू नका. शंभर किंवा जास्त कामगार असतील तिथे सरकार कार्यसमिती नेमायला सांगू शकतं. ही १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यापासूनची. तिचं काम सलोखा राखण्याचं, त्यामुळे पगारवाढ तिथे मागत बसू नका, ते युनियनचं काम. दुसरी तक्रार निवारण समिती, वीस किंवा जास्त कामगार असले की लागतेच. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत तिचे नियम आहेत: दोन्ही बाजूंचे सदस्य सारखे, एकूण दहापेक्षा जास्त नाहीत, अध्यक्षपद आलटूनपालटून. आणि कामगार सदस्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक राजी नसतील तर निर्णय झालाच नाही असं धरतात. एवढं कलम तरी वाचूनच आत जा.

पहिल्या बैठका कँटीनची भाजी आणि वॉटर कूलर यांतच जातात. जाऊ द्या, त्यात साहेबांनाही बरं वाटतं. खरी कसोटी आमच्याकडे मे महिन्यात लागली. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी उभं राहवत नव्हतं, म्हणून आम्ही पहिली पाळी पहाटे लवकर सुरू करा म्हटलं. प्लांट हेड म्हणाले, बस कशी जमायची? आमच्यातल्याच एकाने बसचे थांबे आणि वेळा कागदावर मांडून दाखवल्या. पाळी बदलली. रोज त्या बसने येणाऱ्यालाच ते गणित माहीत होतं.

अडलं ते कंत्राटी पोरांपाशी. लाइनवर निम्मे तेच, पण समितीत त्यांचा एकही माणूस नाही; ‘ते ठेकेदाराचे’ म्हणून विषयच बंद. हे मला अजून खटकतं.

बाकी, नागपुरात मालकांनी कामगारांसाठी सोयी करणं नवीन नाही. टाटांची एम्प्रेस मिल १८७७ला सुरू झाली, १८८६मध्ये तिथे पेन्शन फंडही निघाला. त्या काळी फारच मोठी गोष्ट. पण सोय करून देणं निराळं आणि ठरवण्याआधी विचारणं निराळं. आजचे बरेच साहेब पहिलं करतात आणि भाषण दुसऱ्या गोष्टीवर ठोकतात.

निवडून आलात तर पहिल्याच बैठकीत एक मागा: बैठकीत काय ठरलं त्याच्या नोंदी (मिनिट्स) मराठीत लिहायच्या, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायच्या आणि प्रत हजेरी लागते त्या टाइम ऑफिसबाहेर लावायची. यालाच नाही म्हणाले, तर राजीनामा द्या आणि तोही तिथेच चिकटवा.