टोट बॅगवर जुनी लढाऊ विमानं: आधी फोटोचं बघा

ताई, ठाण्यातल्या प्रदर्शनासाठी जुन्या लढाऊ विमानांचे फोटो छापलेल्या पन्नास टोट बॅगा करायच्यात, तर डीटीएफ (फिल्मवर छापून उष्णतेने कापडावर चिकटवायची छपाई) करू की स्क्रीन (जाळीतून शाई कापडावर दाबायची छपाई), असं तुम्ही विचारलंय. छपाईचं सांगतोच, पण जाता जाता 'फोटो नेटवरून घेतलेत' असंही लिहिलंय. खरी अडचण तिथेच आहे.

आपल्या कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीपासून फोटोचा कॉपीराइट तो काढणाऱ्याच्या हयातीत आणि मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. सरकारी फोटोला प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे १९७१ च्या युद्धात पेपरात आलेला नॅट या छोट्या लढाऊ विमानाचा फोटो निदान २०३१ संपेपर्यंत तरी विकाऊ मालावर विनापरवाना छापता येणार नाही. कुणाच्या घरच्या अल्बममधला मिळाला, तरी ज्याने काढला त्याची लेखी परवानगी घ्या.

त्यापेक्षा स्वतः काढा. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं (एचएएल) मारुत हे लढाऊ विमान ठेवलेलं आहे. जर्मन अभियंता कुर्ट टांक यांनी आखलेलं, १७ जून १९६१ ला पहिल्यांदा उडालेलं विमान. मला विचाराल तर बॅगेवर हेच हवं; मिग सगळेच छापतात. फक्त फोटो विक्रीसाठी वापरणार हे तिथे आधी विचारून घ्या.

आता कोन. बॅग उभी, विमान आडवं, आणि इथेच बहुतेक डिझाइनं फसतात. डाकोटा या जुन्या मालवाहू विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण २९ मीटर. पूर्ण बसवायला गेलात तर मधोमध एक बारीक पट्टी उरते. मिग-२१ ची गोष्ट उलटी: पंख जेमतेम ७.१५ मीटर आणि लांबी त्याच्या दुप्पट, त्यामुळे वरून घेतलेला, नाक वर असलेला फोटो उभ्या बॅगेवर झकास बसतो. जमिनीवरून तो कोन मिळत नाही. मग नाकाच्या तिरक्या बाजूला खाली बसून काढा, धड आणि पंख दोन्ही आखूड दिसतात. किंवा सरळ नाक आणि कॉकपिटच घ्या. मागचं आकाश, झाडं, रेलिंग कापून टाका. नाहीतर कोऱ्या कॅनव्हासवर राखाडी चौकोन उठतो. फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून. १२ इंच रुंद छपाईला निदान १८०० पिक्सेल लागतात.

छपाई: सब्लिमेशन (उष्णतेने शाईची वाफ करून रंग कापडात उतरवणं) सुती कापडावर धरत नाही, तो विषय सोडा. डीटीएफला रंग छान येतात, पण मोठा फोटो हाताला रबरासारखा लागतो आणि घडीवर पुढे तडकू शकतो. पाच-दहा नग असते तर तेच म्हटलं असतं. पन्नासांसाठी स्क्रीन, एकच काळी शाई, फोटोचे हाफटोन ठिपके, म्हणजे गडद-फिकट छटा लहान-मोठ्या ठिपक्यांनी दाखवायच्या. ठिपके इंचाला ४५ ओळींच्या आसपास ठेवा. त्याहून बारीक जाड कापडात भरून जातात. कापड १० औंस, म्हणजे ३४० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) आसपास. वागळे इस्टेटमध्ये स्क्रीनवाले मिळतील, नवी मुंबईकडून असाल तर तुर्भे-रबाळे बघा. तयार बॅगा देऊ नका. तुकडे कापून आधी छापा, मग शिवा. शिवणीवर स्क्रीन नीट टेकत नाही.

खाली विमानाचं नाव टाकणार असाल तर दोनदा तपासा. नॅट आणि त्यावरूनच बनलेलं अजित यांत गल्लत झाली, तर स्टॉलवर आलेले हवाई दलातले निवृत्त काका सगळ्यांसमोर सांगतील, आणि बराच वेळ सांगतील. एक नमुना छापून, धुऊन, उलट्या बाजूने इस्त्री करून बघा, मगच बाकीचे छापायला सांगा.