सेन्सर बदलला, तरी फॅन थांबेना

प्रश्न : दादा, मी चिपळूणला शिक्षिका आहे. माझी २०१४ ची छोटी पेट्रोल गाडी आहे. दिवाळीपासून किल्ली फिरवली की इंजिन सुरू व्हायच्या आधीच रेडिएटरचा फॅन फिरायला लागतो. सकाळी गाडी एका सेल्फला सुरू होते, पण बाजारात दहा मिनिटं थांबवली की चार-चार सेल्फ मारावे लागतात आणि पेट्रोलचा वास येतो. अ‍ॅव्हरेज १७ वरून १२ वर आलंय. एका गॅरेजात टेम्परेचर सेन्सर बदलून घेतला. आठ दिवस छान गेले, मग पुन्हा तेच. आता ते आणखी एक नवा सेन्सर घालू म्हणतात, तोवर फॅन डायरेक्ट करून देतो, म्हणजे सेन्सरला न विचारता सतत फिरेल असा जोडतो, म्हणतात. काय करू? (२०२१ च्या पुरात गाडीत सीटपर्यंत पाणी गेलं होतं, पण नंतर सगळं काम करून घेतलं.)

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंत. दुसरा सेन्सर घेऊ नका. पहिलाही बहुतेक उगाच बदलला गेला. माझा संशय त्याच्या कपलरवर, म्हणजे वायर सेन्सरला जोडणाऱ्या प्लगवर, आणि कपलरमागच्या वीतभर वायरवर आहे.

हा सेन्सर म्हणजे करंगळीच्या पेराएवढं पितळी टोक, कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यात, बुडवून ठेवलेलं. आत एक मणी असतो, तो तापला की त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, उतरतो. तो ओहममध्ये मोजतात. बऱ्याच छोट्या गाड्यांत २० अंशाला साधारण सव्वादोन ते अडीच हजार ओहम आणि ८० अंशाला जेमतेम तीनशे. इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम, ५ व्होल्ट पाठवून तेवढंच मोजतो. त्याला इंजिन दिसत नाही, ओहम दिसतात.

आता कपलरच्या पिनांवर हिरवा गंज चढला आणि त्याने वाटेत दीड हजार ओहम वाढवले असं धरा. इंजिन तापून ८० अंशावर, पण ईसीएमला दिसतं २५-३० अंश. तो गार इंजिन समजून जादा पेट्रोल सोडत राहतो. पूर्वी चोक ओढून गाडी चालवली तर जे व्हायचं, तेच. म्हणून अ‍ॅव्हरेज पडलं, म्हणून गरम इंजिन सुरू होताना पेट्रोलने गुदमरतं. सकाळी इंजिन खरंच गार असतं, तेव्हा ही चूक खपून जाते. आणि पिन पूर्णच सुटली की ईसीएमला दिसतं उणे ४०. चिपळुणात! त्यावर तो विश्वास ठेवत नाही, पी ०११८ हा बिघाडाचा कोड नोंदवतो आणि इंजिन वाचवायला फॅन सतत फिरवतो.

आठ दिवस बरं का वाटलं, तर सेन्सर बदलताना कपलर काढून पुन्हा बसवला, पिना घासल्या गेल्या, तांबं तेवढ्यापुरतं उघडं पडलं. नव्या सेन्सरचं त्यात काही कौतुक नाही.

चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, स्कॅनर (ईसीएमला दिसणारे आकडे दाखवणारं यंत्र) लावून कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघायला सांगा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. मग आकड्यावर नजर ठेवून कपलर हलवायचा. आकडा उड्या मारायला लागला की चोर सापडला. वायर हळूच ओढूनही बघा. आतले धागे कुजले असतील तर ती रबरासारखी लांबते. पुराचं पाणी इन्सुलेशनच्या आतून वर चढतं, त्यामुळे तांबं चकचकीत दिसेपर्यंत मागे कापत जायचं, कधी दोन इंच, कधी सहा. मग नवा कपलर, सोल्डर आणि वर हीट-श्रिंक नळी, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी. नुसती चिकटपट्टी गुंडाळू देऊ नका. कऱ्हाडला माझ्याकडे कुंभार्ली घाट चढून आलेल्या पूरग्रस्त गाड्यांत हा कापाकापीचा धंदा मी दोन वर्षं केला.

तुमचा जुना सेन्सर गॅरेजातून मागून घ्या. टोपात गरम पाणी, थर्मामीटर आणि ओहम मोजायला मल्टिमीटर, एवढ्यावर तो घरी तपासता येतो. टोक बुडवा, पिना कोरड्या ठेवा. पाणी निवत जाईल तसा आकडा सावकाश चढला पाहिजे, मधेच अडखळला तर सेन्सर बाद. चांगला निघाला तर डिकीत ठेवा.

पुढेमागे खरंच बदलायची वेळ आली तर इंजिन पूर्ण गार असताना. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिट्टीच, दाबामुळे आतलं पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडलं की उसळतं. माझ्या डाव्या मनगटावर त्याचा डाग आहे. ओ-रिंग किंवा वॉशर नवा घाला. हाऊसिंग अ‍ॅल्युमिनियमचं असतं, पान्यावर जोर काढलात तर आटे जातात. जुन्या एका तारेच्या सेन्सरला मी एकदा लिकेज नको म्हणून भरपूर टेफ्लॉन टेप गुंडाळली होती. त्याची अर्थिंग आट्यांतूनच होते, त्यामुळे टेम्परेचरचा काटा मेला आणि मी दिवसभर मीटर उघडून बसलो.

शेवटी कूलंट भरून हवा काढायलाच हवी. सेन्सरच्या टोकाभोवती हवा अडकली तर इंजिन उकळतं आणि सेन्सर थंडच सांगतो. म्हणून महिन्यातून एकदा, गार इंजिनवर, टाकीतली पातळी बघत जा.

आणि फॅन डायरेक्ट नको. मोटर जळते, खरा बिघाड झाकला जातो.

प्रश्न : लातूरच्या उन्हाळ्यात गाडी हीट होते, सेन्सरही नवीन घातला. मिस्त्री म्हणतात थर्मोस्टॅट काढून टाका. काढू का?

उत्तर : नको. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. गाडी हीट होत असेल तर रेडिएटर तुंबला आहे का ते बघा. तुम्ही बोअरचं पाणी घालता, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी पैजेवर सांगतो. त्या क्षाराचा थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो आणि सेन्सरच्या टोकावरही, मग तोही उशिरा बोलतो. थर्मोस्टॅट काढलात तर हिवाळ्यात सकाळी इंजिन तापायला वेळ लागेल, पेट्रोल जास्त जाईल आणि उन्हाळ्यात तुंबलेला रेडिएटर तसाच राहील. थर्मोस्टॅटवर शंका असेल तर दोऱ्याला बांधून गरम पाण्यात सोडा. त्याच्यावर छापलेल्या तापमानाला, बहुधा ८२ किंवा ८८, तो उघडायला लागला तर परत बसवा. रेडिएटर साफ करून घ्या आणि पुढे कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळा.